उस्तादांनी बांधलेलं इंजिन

मी मूळचा हर्णैचा, वडिलांची मासेमारीची होडी होती, म्हणजे इंजिनाचा धूर खातच मोठा झालो म्हणा, आणि तरी नशीब बघा, नोकरी लागली ती दिल्लीत, जिथे समुद्र नाही की खाडी नाही. पूर आला की माणसं काढायला यमुनेवर सरकारी बोटी असतात ना, त्यांचा मी मेकॅनिक. माझ्या वर रामधारी उस्ताद, हरियाणाचे, वीसेक वर्षांनी मोठे. नसीम, माझी बायको, लग्न होऊन इथे आली तेव्हा तिला हिंदी धड येईना, तर उस्ताद तिच्याबरोबर बाजारात जायचे, म्हणायचे बेटी, तू अपनी बोली में बोल, मैं समझा दूँगा. त्यांना कुठलं मराठी यायला, पण जायचे.

तर बरीच वर्षं गेली आणि एका पावसाळ्यात यमुना अशी चढली, की पलीकडे भाजी लावणारी कुटुंबं छपरांवर जाऊन बसली. छोट्या बोटी त्या धारेत टिकेनात. मोठ्या बोटीचं इंजिन नुकतंच सगळं उघडून नवीन केलेलं, बांधलं उस्तादांनी, आणि ते चालूच होईना. हँडल मारतोय, मारतोय, पांढरा धूर सोडतं आणि गप्प. पाइपातली हवा काढली, डिझेल येतंय. नोझल काढून बघितला, फवारा चांगला. दाब चांगला. मग राहिलं काय, तर डिझेल सुटायची वेळ. पुढचं झाकण काढलं, आणि काय सांगू तुम्हाला, गिअरांवर खुणा असतात, त्या समोरासमोर याव्या लागतात, तिथे एक दात सरकलेला. एकच दात.

वर बघितलं तर उस्ताद गिअरकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते. तेव्हा मला कळलं, त्यांना ती खूण दिसतच नाही. मोतीबिंदू. रिटायरमेंटला थोडे महिने उरलेले, म्हणून कुणाला बोलले नव्हते.

तेवढ्यात साहेब आले, इंजन किसने बाँधा. मी म्हटलं मैंने, साहब, गलती मेरी है, थोडा टाइम दीजिए. साहेब सगळ्यांसमोर जे बोलायचं ते बोलले. ऐकून घेतलं.

साहेब गेल्यावर मी उस्तादांचा हात धरला. खूण जरा खोलगट असते, नखाला लागते. त्यांचं बोट तिच्यावर ठेवलं, म्हटलं उस्ताद, आप ही बिठाइए. त्यांनी चाचपत गिअर बसवला, अगदी बरोबर. झाकण लावलं, हँडल मारलं, दुसऱ्या फेऱ्याला इंजिन बोललं. सगळ्यांना आणलं त्या दिवशी, शेळ्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी उस्ताद घरी आले. मी नसीमला काही सांगितलं नव्हतं. तेच तिला म्हणाले, बेटी, तेरे आदमी ने मेरी गलती अपने सिर ले ली, आणि रडायला लागले. नसीमने चहा ठेवला, म्हणाली बाबूजी, कल आँख दिखाने चलेंगे, बस. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, औषधाचे थेंब हिनेच घातले. पट्टी निघाली तर तिच्याकडे बघून म्हणतात, अरे, तेरे तो बाल पक गए.

उस्ताद जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आम्ही आता मयूर विहारला मुलीकडे असतो. ती चूक माझ्या फाइलीत लागली होती, प्रमोशन दोन वर्षं अडलं, ते मी उस्तादांना कळू दिलं नाही. नसीमलाही नाही. तुम्ही लिहिताय, तिला वाचता येतं, वाचेल. वाचू दे आता. अल्ला तुमचं भलं करो.