गढूळ की निवळ

सत्त्याण्णव साल — की अठ्ठ्याण्णव? थांबा हं, आमच्या ऑफिसातल्या नूतनचं लग्न झालं होतं, म्हणजे अठ्ठ्याण्णव — छे, नुसतं ठरलं होतं. माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. पण तुम्ही विचारलंत, ग्लास उजेडात धरून काय बघता — चहा चांगलाय हो, माशी-बिशी काही नाही — ही सवय त्या दिवसाची, तेवढं नक्की. मी इंजिनिअर. मातीच्या बांधांवरच डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला — मिरवायला नाही सांगत, उलट — असो. भोरला आमचं लहानसं कार्यालय, आसपासचे पाझर तलाव आमच्याकडे. वरून येणाऱ्या प्रत्येक कागदावर 'अत्यंत तातडीचे' — झाडं मोजा, अत्यंत तातडीचे. पंखे मोजा, अत्यंत तातडीचे. मग खरी तातडी कोणती? आमच्या लोकांनी एक खूण ठरवली होती — साहेब चहा टाकून उठले का? नाही ना? मग चालू द्या. आणि मी कधी उठत नसे. त्या दुपारी मार्गासनी गावच्या दुकानातून फोन आला — वरच्या तलावाच्या बांधातनं पाणी यायला लागलंय. एवढं बोलला आणि लाईन गेली. मी ओरडतोय, "अहो, गढूळ की निवळ?" — कोण सांगणार? निवळ असेल तर भिण्याचं कारण नाही, मातीचा बांध थोडा झिरपतोच. पण गढूळ म्हणजे पाणी आतली माती घेऊन येतंय, बांध पोटातून पोखरला जातोय. आणि बांधाखाली वाडी. मी उठलो.

बस्स — साहेब उठले! हेडक्लार्क कुंडलिकरावांनी आधी कपाटाला कुलूप ठोकलं, मग चष्मा आतच राहिला म्हणून कपाळाला हात लावला. नूतन टायपिस्ट — तिनं मशिनमध्ये कार्बन चढवून विचारलं, "सर, वाडी हलवायच्या आदेशाच्या प्रती किती?" ड्रायव्हर हनीफ, एरवी हाका मारून घसा बसायचा, तो जीप चालू करून हॉर्न वाजवतोय — आणि सगळेच जीपमध्ये! फोनपाशी कोण? कोणी नाही. नसरापूरच्या पुढे हनीफ म्हणतो, "सायेब, त्यो गलास तरी खाली ठेवा." बघतो तर माझ्या हातात चहाचा ग्लास. रिकामा. चहा कुठं सांडला, कुणास ठाऊक.

बांधाच्या पायथ्याशी करंगळीएवढी धार. मी तिच्याखाली ग्लास धरला, वर करून बघितला — तांबूस. कुंडलिकराव म्हणाले, "गढूळ, साहेब. गढूळच. वाडी हलवा." ते चष्म्याशिवाय. नूतन म्हणाली, "सर, तळाला चहा आहे तो." हनीफनं बोट बुडवून चाखलं — चाखलं हो! — "साखर लागतीया, सायेब." हसा, मलाही हसू येत होतं. ग्लास विसळला — त्याच धारेत, दुसरं होतं काय? पुन्हा धरला. वर पाऊस, समोर धुकं, उजेड असा मेलेला. नूतनला निवळ दिसलं, कुंडलिकरावांना गढूळ. आणि मला, प्रबंध लिहिलेल्या माणसाला? जसं बघावं तसं. सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत, आणि खाली वाडीतल्या चुलींचा धूर दिसतोय. म्हटलं, हलवा.

हलवली. गुरं सोडली, म्हातारी माणसं पाठुंगळीला घेतली, सगळी देवळाच्या माळावर. बाळाबाई म्हणून एक आजी उंबऱ्यात बसली — "पानी काय आजच बगताय व्हय? म्या न्हाई यायची." हनीफनं उचललं तिला — म्हणजे मीच सांगितलं, उचल म्हणून — आणि उतारावर त्याचा पाय घसरला. आजीचा खुबा मोडला. बांध? बांध नाही फुटला. संध्याकाळी पाऊस उघडला, पाणी उतरलं, धार आटली, लोक आपापल्या घरी. देवाची कृपाच म्हणायची — म्हणजे, मलाही बरंच वाटलं. वाटायलाच हवं ना? पण आजीला दवाखान्यात नेताना मी मागे वळून बांधाकडे बघत होतो, आणि मनात आलं — निदान थोडा तरी खचू दे. वाडी रिकामी असतानाच. असं मनात आलं माझ्या. हे मी कुणाला — जाऊ द्या.

पुढे वेल्ह्याच्या बाजारात गेलो की कुणीतरी हटकायचंच — "सायेब, आज च्या गढूळ का निवळ?" सगळे हसायचे, मीही हसायचो. आजी काठीवर आली. मी जायचो तिच्याकडे अधूनमधून, शिव्या द्यायची नाही, सुनेला सांगायची, "कोरा टाक गं, सायेबास्नी नीट दिसंल." शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. तलावाचा सांडवा मी खोल करून घेतला, पुन्हा पुरता भरूच दिला नाही — त्यावरही लोक म्हणाले, साहेब भित्रा. असेनही. चहाच्या गाळापायी एका म्हातारीचा खुबा मोडला का मी? रात्र-रात्र हेच.

ती बघा, तुमची गाडी आली. उठा, जागा मिळायची नाही — पुढे? पुढे काही नाही हो. बऱ्याच वर्षांनी, मी निवृत्त झाल्यावर, दुरुस्तीसाठी उन्हाळ्यात तो बांध कापला. मी बघायला गेलो, हनीफला सोबत घेऊन. बाळाबाई आदल्या वर्षीच गेली होती. धार यायची त्या जागेमागे, बांधाच्या पोटात पोकळी निघाली. हनीफ वाकून आत शिरला — आणि आत ताठ उभा राहिला.