डोक्यातला साबुदाणा

माझं लग्न कसं ठरलं, ऐक. त्याआधी मी अंधेरीत जाऊन टकलावर केस लावून घेतले होते. केस आले झकास, पण खालची कातडी खडबडीत झाली, प्रत्येक केसाच्या बुडाशी एक बारीक पुळी. डॉक्टर म्हणाला, "दिसत नाही ना? मग कोणाला हात लावू देऊ नका."

घाटकोपरला मुलगी बघायला गेलो. मंडळी माझ्या केसांवर खूश. निघताना आईने खुणावलं आणि मी सवयीने मुलीच्या आजीच्या पाया पडलो. आजी मालवणची, डोळ्यांनी अधू. तिने आशीर्वाद द्यायला माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच चाचपडायला लागला.

"झिला, डोक्यात साबुदाणो पेरलंस काय?"

वाट लागली यार! मला असा घाम फुटला ना, मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. टक्कल, ऑपरेशन, पुळ्या, 'यातलं काही बोलू नकोस' म्हणून आईने घातलेली शपथसुद्धा.

आजीने हात काढलाच नाही. मुलीच्या बाबांना म्हणाली, "ह्येका कायच लपवक जमणा नाय. ठरवून टाक लगीन."