दुसरा ब्लॉक गळला नाही

"कार्ड थंड ठेवायला तू बसवलेला पाण्याचा ब्लॉक गळला आणि गिऱ्हाइकाचं ग्राफिक्स कार्ड जळालं. उद्यापासून दुकानात पाय ठेवू नकोस!" दुकानदार धाकट्या भावावर खेकसला. कॉम्प्युटर दुरुस्तीला घेऊन बाकावर बसलेल्या मावशींनी कान टवकारले.

"दादा, पाणी फिरवून दिवसभर तपासू म्हणालो होतो. घाई तूच केलीस."

"कारणं नकोत! माझ्या घरच्या कॉम्प्युटरमध्येही तूच बसवलास, अगदी तसाच ब्लॉक. तो बरा नाही गळला?"

"तो दोन दिवस तपासायला लावला होतास."

दुकानदार मावशींकडे वळून गोड हसला. "बोला मावशी, काय काम होतं?"

"होतं, आता नाही. घाई तुझी आणि पाय भावाच्या पोटावर? तुझ्याकडे मी खरकटी कपबशीसुद्धा विसळायला देणार नाही!"