बाबांनी वाचवलेला शब्द

आमचे बाबा तुम्हाला माहीतच आहेत, बसवनगुडीतले, फॅक्टरीतून इंजिनियर म्हणून रिटायर झालेले. स्ट्रोकनंतर चार महिने त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. समजायचं सगळं, पण बोलता येत नव्हतं.

परवा माझी मुलगी रेवा त्यांच्या शेजारी बसून शाळेचा अभ्यास करत होती. मतदानाचा हक्क काढून घेण्याला इंग्रजीत 'डिसएनफ्रँचाइजमेंट' म्हणतात, तो शब्द तिला अर्थाप्रमाणे तोडून लिहायचा होता. टेबलावर बोट आपटत ती म्हणाली, "डिस, एन, फ्रॅन, चाइज, मेंट. उच्चाराचे पाच तुकडे झाले. म्हणजे अर्थाचेही पाचच ना, आई?"

मी मोबाइलमधून डोकं न काढता "हो" म्हटलं.

"चार," कुणीतरी म्हणालं.

आम्ही दोघींनी वळून पाहिलं. बाबांचे ओठ हलत होते. "फ्रँचाइज... तोडू नको. हक्क... आहे तो."

रेवाने हाक मारली तशी माझी आई स्वयंपाकघरातून धावत आली. काय झालं ते तिने ऐकलं. मग म्हणाली, "चार महिने यांना मला साधं 'अगं' म्हणता येत नाही, आणि हे बरं आलं."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. रेवासारखंच टेबलावर बोट आपटत ते सावकाश म्हणाले, "सु. लो. च. ना."

आई तिथेच खाली बसली. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, पण त्यांनी तिला नावाने हाक मारलेली आम्ही कुणी कधी ऐकली नव्हती. तिनेही नाही.