घोरता का, डॉक्टर?

नाही, नाही, झोपायचं नाही – डोळे उघडा, डॉक्टर. मोठा श्वास घ्या. अजून मोठा. हां, असा. आणि बोलू नका, आत्ताच तर घशातली नळी काढलीय. तुमचं हर्नियाचं ऑपरेशन मस्त झालं, सर्जन केव्हाच चहाला गेले – राहिलो तुम्ही, मी आणि हे यंत्र, तुमचा डोळा लागला की बोंबलणारं. का बोंबलतं? ते मी सांगायचं तुम्हाला? जन्मभर लोकांना भूल देत आलात – प्रत्येकाला विचारता, घोरता का? पेशंट म्हणतो छे, आणि शेजारची बायको म्हणते, अहो, भिंती हलतात. मग तुम्हीच मला बजावता – सिस्टर, याची जीभ मागे पडेल, भूल उतरेपर्यंत जागं ठेवा. आणि काल त्या नव्या भूल देणाऱ्या पोरीनं तुम्हाला तेच विचारलं, तर मान ताठ करून काय म्हणालात? मुळीच नाही. अहो, दुपारी ड्यूटीरूममध्ये तुम्ही लवंडलात की आम्ही दार लावून घेतो – डॉक्टर? डोळे. बघा, ऑक्सिजन उतरला. थांबा, हनुवटी वर धरते. घ्या श्वास. घ्या ना हो – आला. चढतोय. इतकी वर्षं या खोलीत काढली, कुणाच्या श्वासासाठी असं देवाचं नाव घेतलं नव्हतं.

त्या पोरीला मी बाहेर गाठून खरं काय ते सांगितलं, म्हणून सगळी तयारी होती. पण खोटं का बोललात? मी शेजारी उभी होते म्हणूनच ना? गेल्या आठवड्यात विचारलंत, पुढचं आयुष्य एकत्र काढू या का – मी म्हटलं, विचार करून सांगते – आणि तुम्हाला वाटलं, घोरतो म्हणून ही बाई नाही म्हणेल. या वयात? अहो, माझ्या घरात रात्री इतकं शांत असतं की मला झोप येत नाही. शेजारी कुणी घोरत असलं तर निदान कळेल तरी, की घरात माणूस आहे. मी तर –

हे काय, नाडी का धावायला लागली? दुखतंय? नाही? मग हसताय कशाला, टाके ताणतील. मी काही बोलले नाही हं. गुंगीत लोकांना काहीबाही ऐकू येतं, तुम्हीच सांगता. आणि हात सोडा माझा, कुणी येईल.

मामा, ट्रॉली आणा. डॉक्टर पुरते जागे झालेत, वॉर्डात न्या यांना.