टायर कावून उघडला

—न्हाई न्हाई, घाई कशाची, रुद्रेशदादा, बसा त्या स्टुलावर. झेंडावंदन आटपलं, शर्यत सुटणार नऊला, आन् आता कुठं सव्वाआठ होऊन गेलेत. गेवराईत ह्या बिगरट्यूबच्या टायरला हात लावणारं दुसरं हायच कोन? म्हनून तर आलात सईदाच्या दुकानात. बघा, चाक कानापाशी धरून हलवते— ऐकलं काही? न्हाई ना. आत ते पांढरं औषध असलं की डुचमळतं, ताकाच्या गडूवानी. तुमच्या चाकात समदं सुकून गेलंय. बंगळूरहून सायकल आणली तवा ताजं होतं, पर आपल्याकडचं ऊन— दोन-तीन महिन्यांत त्याची साय होती, सायीचं रबर होतं, आन् मग बाभळीचा काटा घुसला की भोक बुजवायला आत थेंब ऱ्हात न्हाई. दर दोन-तीन महिन्याला भरायचं असतंय हे. सांगितलं न्हाई कुनी तुमाला? मी बी न्हाई सांगितलं. दिवाळीत हवा भरायला आलतात ना, तवाच चाक हलवून मला कळलं होतं. म्हनलं, असू दे.

ही बघा, सुटली कडा रिममधून. आता आतलं रबर बोटानं खरवडायचं— अशा गोळ्या निघत्यात, बोराएवढ्या. आन् हे काटे— हा सातवा. काटा आत हाय तोवर त्योच भोक धरून ऱ्हातो, उपटला की हवा चालू. हे मला आमच्या ह्यांनी शिकवलं, अजीजमियांनी. हात थरथरायला लागले तवा ते सांगायचे आन् मी करायची, मग ते गेले आन् दुकान माझ्या गळ्यात पडलं. पर हे बिगरट्यूबचं शिकवलं माझ्या तौसीफनं. कुठून तरी इंग्रजी मासिकाची फाटकी पानं आणली होती, तीच तीच वाचायचा, मला समजावून सांगायचा. स्वतः चालवायचा काय, तर दूध घालायची काळी सायकल! आन् स्वप्नं असल्या टायरांची.

वळखता ना तौसीफला? वळखता की. गेल्या सव्वीस जानेवारीला हीच शर्यत, गढी गावापर्यंत जायचं आन् परत यायचं. पहिला आला माझा पोरगा— त्या काळ्या सायकलीवर, तुमच्या गिअरवाल्याच्या पुढं. हार गळ्यात पडायच्या आत कमिटीनं नाव काटलं. म्हने चढावर उसाच्या ट्रॉलीची साखळी धरून गेला. कुनी पाहिलं? कुनी सांगितलं? तर म्हने ते गुप्त हाय. कसलं गुप्त! आमची भामाबाई चहावाली कप घेऊन आत गेलती, तिनं समदं ऐकलं. धोंडप्पा शेठचा रुद्रेश सांगत होता, हात जोडून, लई सभ्यपणानं. दुसरा नंबर तुमचा, तुमी पहिले झालात. जिल्ह्याच्या टीममधी तो जाणार होता, तुमी गेलात. पोरं त्याला रस्त्यात 'ए ट्रॉली, ए ट्रॉली' करायची. सायकल विकून टाकली आन् भिवंडीला गेला, यंत्रमागावर कामाला. ईदला बी आला न्हाई. फोन लावला की म्हनतो, अम्मी, शर्यतीचं बोलायचं असंल तर ठेव.

भरते की हवा, भरते. घड्याळाकडं नका बघू, घड्याळ माझ्यासमोर बी हाय.

माझ्या पोरानं साखळी धरली न्हाई. कसम घेऊन सांगते, हातसुदिक— बरं. धरली. असंल धरली. डावीकडची. आन् उजवीकडची कुनी धरली होती, रुद्रेश? खाली कावून बघायलास? तू धरली होतीस! मधी ऊस, आन् दोन्हीकडं दोघं, माना खाली घालून. त्यानं तुला पाहिलं होतं. कमिटीपुढं एक शब्द बोलला न्हाई. मी म्हनलं, अरे सांग की. तर म्हनला, मी बी धरली ना अम्मी, मग कोणत्या तोंडानं सांगू? आन् तू रे? तू कोणत्या तोंडानं सांगितलंस?

—गेली लाइट, कंप्रेसर बंद. साडेआठ. आता साडेबाराला येईल लाइट, पेपरात टाइम छापून आलाय, तुमच्याकडं पेपर येतच असंल. हातपंप? ही कडा रिमला बसायला हवेचा एकदम दणका लागतो, हातपंपानं जन्मात बसायची न्हाई. ट्यूब टाकू? रिमचं भोक बारीक, आपल्या ट्यूबचा वॉल, हवा भरायची नळी, शिरत न्हाई, आन् भोक वाढवायचं तर ड्रिलला बी लाइटच लागती. आन् खरं सांगू का तुला? टायर उघडायचं कामच नव्हतं. वॉलची पिन काढायची, दवाखान्यातल्या पिचकारीनं औषध आत सोडायचं, पाच मिनिटांचं काम. मी उघडला. घड्याळ बघून उघडला. वरीसभर ह्या साडेआठची वाट बघितली मी, आज माझ्या जिवाला थंडावा मिळाला.

थांब, चाक ठेव खाली. मागं धोंडीराम रसवाल्याचं डिझेल इंजिन हाय, त्याचा पट्टा कंप्रेसरला चढवला की दोन मिनिटांत हवा. पर आधी मैदानात जायचं. झेंड्यापाशी माइक हाय, बॅटरीवर चालतो. त्यात म्हनायचं— 'मी बी धरली होती.' एवढंच. मग ये, चाक तयार ठेवते, तुझा पहिला नंबर तुला लखलाभ. माझ्या पोराचं नाव साफ व्हावं, दुसरं काही न्हाई पायजे मला. जीभ रेटत न्हाई का? खरं बोलायला एवढं काय भ्यायचं रे? चूक समद्यांची होती. मीच तर त्याला म्हनलं होतं आदल्या दिवशी, भाकर वाढताना— चढ आला की ट्रॉली धर, समदे धरत्यात, गरिबाच्या पोरानंच कावून—

काय म्हनलास?

मी? मी कावून येऊ माइकवर? माझा काय संबंध... लोक काय म्हनतील, आईनंच... आन् तौसीफला तर म्हाईतच हाय. कुनाचं ऐकून धरली ते त्याला म्हाईत हाय. म्हनून तर तो घरी—

उचल ते चाक. न्हाई, धोंडीरामला हाक मारायची न्हाई. दुकान बंद हाय. जा म्हनते ना!