एकाच बाजूने पळणारी बोट

—नाही, नाही, आत बसू नका. बाहेरून बघा. हात लावलात तरी चालेल, पण त्या सीटमध्ये बसायचं नाही. का म्हणजे? ती तुमच्या मापाची नाही. आमच्या मंडळींच्या अंगावरून साचा घेतलाय तिचा — म्हणजे तेव्हाच्या मंडळी, आता दुसरीकडे राहतात. इथेच, या शेडमध्ये, तिला प्लॅस्टरमध्ये बसवून ठेवलं होतं आणि ती हसत होती — हलू नकोस म्हटलं की जास्तच हसायची — म्हणून बघा, डावीकडे पाठीपाशी जरा लाट आल्यासारखं झालंय, ते तिचं हसणं आहे. घासून सपाट करता आलं असतं. राहून गेलं.

तुम्ही पायलट आहात, तुम्हाला काय सांगायचं, पण सांगतो. ही बोट एकाच बाजूने पळते. वारा डावीकडून आला तरच. वेगाच्या विक्रमासाठी परत येणं कुणी मोजत नाही, मग दोन्ही बाजूंनी पळणारी बोट बांधून वजन कशाला वाढवायचं? म्हणून शीड तिकडे, पायलट इकडे टोकाला, आणि खाली पाण्यात हे पातं. मागून करवतीने तोडल्यासारखं दिसतंय ना? सगळे हसले होते. म्हणे, माशासारखं निमुळतं हवं. अहो, त्या वेगाला निमुळत्या पात्याभोवती पाणी उकळायला लागतं, वाफेचे बुडबुडे धरतात, पकड सुटते आणि बोट आडवी. हे पातं ते बुडबुडे मागे सोडून देतं. डोकं माझं, हात माझे. आणि विक्रम झाला तेव्हा पेपरात फोटो कुणाचा? तिचा, पायलट ती ना. मी कोपऱ्यात, अर्धा कापलेला, दोरी गुंडाळताना.

बोट परत आणायला मोटरबोट घेऊन मीच जायचो. मी पुढे, ती मागे त्या सीटवर, मधे दोरी. बोलणं काही नाही, इंजिनाचा आवाजच एवढा. तेव्हा कंटाळा यायचा मला त्या परतीचा. आता — जाऊ द्या.

मग सत्कार झाला. कुणीतरी माइक पुढे धरला, आणि मी आपला गमतीत म्हणालो की या बोटीत पायलटच्या जागी वाळूची गोणी ठेवली असती तरी विक्रम झालाच असता. लोक हसले. तीही हसली — म्हणजे मला वाटलं, हसली. घरी आलो, तिने जेवायला वाढलं, ओटा आवरला, आणि सकाळी बॅग दारात. एवढ्याशा बोलण्यावरून कुणी संसार मोडतं का? तुम्हीच सांगा. नका सांगू.

आणि तो विक्रमही गेला. दुसऱ्या एका संघाने मोडला. तो मला परत हवाय, मरायच्या आधी हवाय, म्हणून तर पायलट बघतोय. येतात. एक ताडमाड निघाला, गुडघे हनुवटीला लागले. एक जाड. एकाला शीड ओढवेना. एक बरा होता, तर तो म्हणतो, सीट बदला. बदलणारच होतो हो, पण या सीटचे बोल्ट साधे नाहीत. वाऱ्याला अडथळा नको म्हणून त्यांची डोकी मीच वेगळी घडवलीत, त्यांना एकच पान्हा लागतो. तो बघा, भिंतीवर प्रत्येक हत्याराचा आकार रंगवलाय, ज्याची जागा त्याला — तेवढा एक रिकामा. हरवला. सगळी शेड पालथी घातली. दुसरा बनवायला फारसं काही लागत नाही, पण वेळ कुठे मिळतो?

तुमचंही कठीणच दिसतंय मला. जरा बुटक्या पडाल. खांदेही अरुंद आहेत. वाईट वाटून घेऊ नका, उन्हाचं एवढ्या लांब आलात — तुम्हाला पत्ता कुणी दिला माझा?

कुणी?

ती शिकवते तुम्हाला? कधीपासून? अस्सं. बरी आहे ना? — नाही, मी विचारलं नाही, तोंडातून गेलं. काय म्हणाली? बोटीबद्दल म्हणतोय मी. अशी बोट दुसऱ्या कुणाला जमणार नाही म्हणाली? असं म्हणाली? बरं. आणखी काय म्हणाली? 'तो सीट काढणार नाही' — कसा काढू, आत्ताच सांगितलं ना, पान्हाच — तुम्ही पिशवीत काय शोधताय?

हं.

हाच तो.

नाही, माझ्या हातात नका देऊ. तुम्हीच काढा. बोल्ट अडणार नाहीत, मी दर आठवड्याला तेल घालतो त्यांना. आधी मागचे सोडवा, मग पुढचे. सीट निघाली की त्या कोपऱ्यात ठेवा, उभी, पाठ भिंतीकडे करून. मी बाहेर आहे. झालं की पान्हा त्याच्या जागी टांगा, दार ओढून घ्या आणि जा. मला हाक मारायची गरज नाही.